मध्यरात्री मागितलेल्या भाकरी

देणाऱ्याचे कौतुक सगळे जग करते. मागणाऱ्याचे कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आपल्या मराठीत तर मागणाऱ्याच्या वाट्याला जे शब्दप्रयोग आले आहेत ते ऐकूनच मान खाली जावी. हात पसरणे, तोंड वेंगाडणे, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ताटकळणे! त्यातल्या त्यात ‘पदर पसरणे’ ह्या शब्दांत थोडी माया आहे. पण तीही असहायाची माया. एखादा सज्जन मनुष्य वारला म्हणजे त्याच्याविषयी बोलताना आपण आवर्जून सांगतो, “उभ्या जन्मात त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही हो!” आणि ऐकणारे आदराने माना डोलावतात. न मागता जगणे ही आपल्या नीतीची जणू सर्वांत वरची पायरी आहे.

ही नीती वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. ती कष्टाळू माणसांची नीती आहे. ऋण काढून सण करू नये हे दिवाळीच्या दिवसांत तरी कोणी विसरू नये. परंतु कधी कधी एक शंका मनात येते आणि ती काही केल्या जात नाही. ज्याने जन्मात कुणाजवळ काही मागितले नाही, त्याला प्रार्थना करता येत असेल का? आणि त्याला मित्र तरी असेल का?

मी ख्रिस्ती घरात वाढले. तिन्हीसांजा दिवा लागला की आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना होई, आणि त्याच वेळी शेजारच्या घरात ‘शुभं करोति’ चाले. भिंत एकच, तिच्या दोन्ही अंगांनी मुलांचे आवाज येत. आम्हां मुलांना दोन्हींतले शब्द पाठ होते आणि दोन्हींतला अर्थ सारखाच कळत नसे. लहानपणी प्रार्थनेचा मला समजलेला अर्थ अगदी सरळ होता: देव मोठा, आपण लहान, म्हणून आपण मागायचे आणि त्याने द्यायचे. पुढे वय वाढले, थोडे वाचन झाले, आणि ह्या सरळ अर्थाला फाटे फुटू लागले.

पहिला फाटा खुद्द पवित्र शास्त्रातच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रार्थनेविषयी सांगत आहे. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की देवापुढे उगाच बडबड करू नका. तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक असते. एवढे सांगून तो थांबला असता तर आपण समजलो असतो की मागण्याचे काही कारणच नाही. पण तो थांबत नाही. लागलीच तो त्यांना एक प्रार्थना शिकवितो, आणि ती निम्म्याहून अधिक मागण्यांनी भरलेली आहे. आजची भाकर मागायची, अपराधांची क्षमा मागायची, वाइटापासून सुटका मागायची. ज्याला सारे ठाऊक आहे त्याच्याजवळ पुन्हा मागायचे कशाला? वर्गात एखाद्या चुणचुणीत मुलाने हा प्रश्न विचारला तर शिक्षकाला तो सहज टाळता येणार नाही.

ह्या प्रश्नाची काही तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. एक उत्तर कचेरीतले आहे. प्रार्थना म्हणजे अर्ज; साहेबाला माहीत असले तरी कागद वर गेल्याशिवाय काम होत नाही. दुसरे उत्तर बाजारातले आहे. प्रार्थना म्हणजे व्यवहार. तू हे दे, मी ते वाहीन. नवस बोलण्याची ही रीत कुठल्याही एका धर्माची नाही. वांद्र्याच्या टेकडीवर दर सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते. तेथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची इवलीशी घरे आणि बाळे विकायला ठेवलेली असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवे तो मेणाचे घर. आणि वाहणाऱ्यांत ख्रिस्ती जितके असतात तितकेच इतरही असतात. मला ह्या मेणाच्या पायांची चेष्टा करावीशी वाटत नाही. दुखणारा पाय खरा असतो. तिसरे उत्तर सुशिक्षितांचे आहे. ते म्हणतात, मागण्याबिगण्याचे सोडा. प्रार्थनेने मन शांत होते, एवढाच तिचा उपयोग. हे उत्तर सभ्य आहे, पण त्यात देवही उरत नाही आणि भाकरही उरत नाही. भुकेलेल्या माणसाला शांत मनाचे काय करायचे?

येशूचे स्वतःचे उत्तर ह्या तिन्हींपेक्षा निराळे आहे, आणि ते त्याने गोष्टीच्या रूपाने दिले आहे. लूकाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात ती प्रार्थना पुन्हा येते, आणि तिच्या पाठोपाठ हा दाखला येतो. तो मी माझ्या शब्दांत सांगते.

एका गावात एक मनुष्य होता. मध्यरात्री त्याच्या दारात त्याचा एक मित्र प्रवासाहून आला. घरात तर भाकरीचा तुकडा नाही. त्या देशात काय आणि आपल्याकडे काय, पाहुण्याला उपाशी निजविणे ही घराची नामुष्की. तेव्हा हा मनुष्य उठला आणि गावातल्याच दुसऱ्या एका मित्राच्या दाराशी गेला. हाक मारून म्हणाला, मला तीन भाकरी उसन्या दे. आतला मित्र वैतागला. दाराला कडी लागली आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत. आता मला उठता येत नाही. ज्यांनी एका खोलीचा संसार केला आहे त्यांना ह्या अडचणीची सत्यता पटेल. एक माणूस उठला की सारे घर उठते. परंतु बाहेरचा हलला नाही. तो लाज सोडून हाका मारीतच राहिला. आणि मैत्रीखातर नाही तरी त्याच्या चिकाटीखातर आतला उठला आणि त्याला हवे तितके दिले.

ह्या दाखल्यावर जी प्रवचने होतात त्यांत बहुधा चिकाटीवर भर असतो: देवाला हाका मारीत राहा, तो कधीतरी उठेल. पण मला हा अर्थ अपुरा वाटत आला आहे. देव काही झोपाळू शेजारी नव्हे. झोपेतला शेजारीसुद्धा जर उठतो, तर जो जागाच आहे तो का देणार नाही, असे तेथे सुचविलेले आहे. कथा लिहिणाऱ्यांना एक खोड असते; गोष्ट ऐकली की ते पात्रे मोजू लागतात. ह्या गोष्टीत पात्रे दोन नाहीत, तीन आहेत. एक भुकेला आहे. एकाजवळ भाकरी आहेत. आणि मधे एक मनुष्य आहे, जो भुकेलाही नाही आणि ज्याच्याजवळ भाकरही नाही. भुकेला पाहुणा काही मागत नाही. कदाचित तो दमून ओसरीवर बसला असेल. मागतो तो हा मधला. आणि तो स्वतःसाठी मागत नाही.

मला वाटते, प्रार्थनेची खरी जागा ही आहे. एका हाताला दुसऱ्याची भूक, दुसऱ्या हाताला दुसऱ्याचे कोठार, आणि मधे आपले रिकामे हात. आपण बहुतेक जण आयुष्यभर ह्या मधल्या जागेवर उभे असतो. आजारी मुलाची आई डॉक्टरांच्या दारात उभी असते तेव्हा तिच्याजवळ औषध नसते आणि दुखणेही तिचे नसते. नापास होऊ घातलेल्या मुलासाठी धडपडणाऱ्या शिक्षकाजवळ त्या मुलाच्या डोक्यात ओतायला काही नसते. तेव्हा आपण हाक मारतो. ज्याला सारे ठाऊक आहे त्याला कळविण्यासाठी ही हाक नसते. दारात आलेल्या पाहुण्याला मी ओळखले आहे, त्याची भूक मी आपली मानली आहे, हे त्या हाकेने ठरते. देवाला गरज ठाऊक असते. आपल्याला पुष्कळदा नसते. मागू लागल्यावर ती कळते.

म्हणून येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत ‘मी’ आणि ‘माझे’ कोठेही नाही, सारे ‘आम्ही’ आहे. मराठी माणसाला ह्यातली गंमत अधिक समजेल, कारण आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. देवाशी बोलताना आपण ‘आपण’ म्हणू शकत नाही. देव काही आपल्याबरोबर रांगेत उभा नाही. तेथे ‘आम्ही’च म्हणावे लागते. पण त्या ‘आम्ही’त कोण कोण? एकटा मनुष्य दार लावून प्रार्थनेला बसला तरी त्याला ‘आम्हांला भाकर’ असेच मागावे लागते. आणि तोंडातून तो शब्द निघाला की ज्याच्याशी कालच भांडण झाले तो शेजारीही मुकाट्याने त्या शब्दात येऊन बसतो. आपल्या भाषांतरकारांनी तेथे ‘भाकर’ हा शब्द योजिला हेही मला फार चांगले वाटते. पक्वान्न मागितलेले नाही. आणि तीही वर्षाची नाही, आजची.

ह्या मधल्या जागेवर उभे राहून एक आयुष्य कसे घडते हे पाहायचे असेल तर आपल्याला परदेशात जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या घरचेच आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान; पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत आणि मिळेल ते दानधर्मात घालीत. १८७० नंतरच्या त्या कठीण वर्षांत ह्या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की अंगमेहनतीची हलकी कामे त्यांना करता येत नव्हती आणि भीक मागणेही जमत नव्हते. विद्येचा आणि कुळाचा मान आड येई. आई, वडील, बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. जिच्या घराला मागता येत नव्हते अशी ती मुलगी होती.

आणि हीच रमाबाई पुढे केवढे मागू लागली! १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत पोचल्या आणि मग गावोगाव व्याख्याने देत हिंदुस्थानातील विधवांसाठी मदत मागत हिंडल्या. बोस्टनच्या मंडळींनी १८८७ मध्ये त्यांच्या नावाने संस्था काढून दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्मांतराच्या प्रश्नावरून तेथे जे वादळ उठले ते मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या वादात दोन्ही बाजूंस थोर माणसे होती आणि आज त्याचा निवाडा करण्याचे माझे काम नाही. मला सांगायचे आहे ते त्यापुढचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि स्त्रिया त्यांनी गोळा करून आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. थोड्याच वर्षांत तेथे शेकडो माणसे झाली. स्वतःच्या भुकेसाठी जिच्या घराण्याला हात पसरता आला नाही, तिने परक्याच्या भुकेसाठी अर्ध्या जगापुढे हात पसरला; आणि त्यात तिला लाज वाटली नाही, कारण ओसरीवर पाहुणे बसले होते.

तेव्हा जीवनाला हेतू कसा लाभतो, ह्या प्रश्नाचे उत्तरही मला ह्याच दाखल्यात सापडते. आजकाल तरुणांना आयुष्याचे ध्येय ठरवायला सांगणारी पुस्तके आणि व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. पुढच्या पाच वर्षांनी तू कोठे असशील, असे ती विचारतात. दाखल्यातल्या त्या मनुष्याला कोणी असे विचारले असते तर त्याला काय सांगता आले असते? रात्री निजताना त्याच्यापुढे काहीच हेतू नव्हता. मध्यरात्री दार वाजले आणि त्याच्या आयुष्याला, निदान त्या रात्रीपुरता, हेतू मिळाला. आपण ध्येय शोधीत दूरवर पाहत असतो आणि ते बापडे दारात उभे असते. मी कोण होणार, ह्यापेक्षा माझ्या ओसरीवर कोण बसले आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. त्याचे उत्तर तरी लगेच देता येते.

येथे कोणी म्हणेल, की रमाबाईंनी नुसती प्रार्थना केली नाही. त्यांनी कामही केले. अगदी खरे. केडगावात प्रार्थनेची घंटा वाजे, तशी छापखान्याची यंत्रेही वाजत. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यात घातली. खिळे जुळविणे, छपाई करणे ही कामे मुक्तिसदनातल्या स्त्रियाच करीत. ज्यांना घरी अपशकुनी ठरविले होते त्यांच्या हातांनी ती अक्षरे जुळली. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. प्रार्थना आणि काम अशा दोन वेगळ्या गोष्टी तेथे दाखविता येणार नाहीत. दाखल्यातल्या मनुष्यानेही अंथरुणावर पडून भाकरी मागितल्या नाहीत. तो उठला, अंधारात चालत गेला, आणि मिळालेल्या भाकरी घेऊन परत आला.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाईट पंथाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक होता. पूर्वी तो शिपाई होता. लढाईत जखमी होऊन पाय अधू झालेला. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि स्वयंपाकाची तर त्याला मुळात नावड. तरीही त्या भांड्यांच्या खडखडाटात तो देवाचे सान्निध्य अनुभवायला शिकला. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ ह्यांत त्याला पुढे भेद वाटेनासा झाला. १६९१ मध्ये तो वारला. त्याच्या संभाषणांचे आणि पत्रांचे लहानसे पुस्तक आजही वाचले जाते. आपल्याला त्यात नवे काही वाटू नये. जनाबाईचे जाते, सावतोबांचा मळा आणि गोरोबाकाकांची माती आपण जाणतो. पण एक गोष्ट विसरू नये: लॉरेन्सने आवडीचे काम देवाला वाहिले नाही, नावडीचे वाहिले. आवडीच्या कामात देव आठवणे सोपे आहे. रोज तीच भांडी, तीच वह्यांची चळत, तोच दुखणाइताचा बिछाना, ह्यांत तो आठवणे म्हणजे खरी उपासना.

आता मैत्रीकडे वळू. दाखल्यात येशूने देवाला राजा म्हटले नाही, सावकार म्हटले नाही; मित्राचे दार ठोठावण्याची उपमा दिली. आणि योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या रात्री तो शिष्यांना सांगतो की तुम्हांला आता मी दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. कारण धन्याच्या मनातले दासाला ठाऊक नसते, मित्राला असते. तेव्हा मैत्रीची खूण काय? ज्याच्या दारावर मध्यरात्री थाप मारता येते तो मित्र. दिवसा, चहाच्या वेळी, सगळेच ओळखीचे असतात.

न मागणाऱ्या माणसाला मित्र असेल का, असे मी आरंभी विचारले ते ह्यासाठीच. जो सतत देतो आणि कधीच काही घेत नाही, त्याच्यापुढे आपण हळूहळू लहान होत जातो. त्याचे उपकार असतात, मैत्री होत नाही. मागणे म्हणजे समोरच्याला सांगणे, की तुझ्याजवळ असे काही आहे जे माझ्याजवळ नाही. हा मान आहे. जुन्या वाड्यांतून वाटीभर साखर, चमचाभर विरजण, ताप मोजायची नळी, ह्यांची जी ये-जा चाले तिच्यात साखरेपेक्षा हा मान अधिक फिरे. म्हणून तर शेजारचे ताट रिकामे परत करायचे नाही असा दंडक होता. दिवाळीत आमच्याकडे चकल्या येत आणि नाताळात त्याच ताटातून करंज्या जात. आज मोठ्या शहरांत दहा मिनिटांत साखर दाराशी येते. सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री औषध लागले तर मीही ही सोय वापरीन. पण शेजारणीच्या दाराशी जाण्याचे कारण त्या सोयीने नाहीसे केले, आणि ज्या दारावर वर्षभर वाटीसाठी थाप पडली नाही, त्या दारावर संकटाच्या रात्री थाप मारायला हात उचलत नाही.

मैत्रीला धर्म आड येतो का, असे पुष्कळदा विचारतात. रेव्हरंड टिळकांचे घर डोळ्यांपुढे आणले म्हणजे मला ह्या प्रश्नाचे भय वाटत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाल्या. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, त्यांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा कवी राहिला. त्याला आपण बालकवी म्हणून ओळखतो. तो ख्रिस्ती झाला नाही. आणि त्यामुळे त्या घरातील त्याची जागा उणी झाली नाही. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेच्या अपघातात तो गेला, आणि त्याच्यामागून वर्षभरात टिळकही गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे की लक्ष्मीबाईंच्या आठवणींत ठोमरे घरच्या मुलासारखा वावरतो. तसेच १९२४ मधले दिल्लीचे ते एकवीस दिवस. हिंदु-मुसलमानांच्या दंग्यांनी व्यथित होऊन गांधीजींनी उपवास मांडला तो मौलाना महंमद अलींच्या घरी. उशाशी बसायला दीनबंधू अँड्र्यूज होते, आणि त्या दिवसांत ‘यंग इंडिया’चे कामही तेच पाहत. उपवास सुटला तेव्हा कुराणातील प्रार्थना झाली, अँड्र्यूजांनी ख्रिस्ती गीत म्हटले आणि विनोबांनी उपनिषद म्हटले. कोणी कोणाची प्रार्थना उसनी घेतली नाही. प्रत्येकाने आपापली आणली आणि एकाच बिछान्याभोवती ठेवली.

परंतु एवढे लिहून थांबले तर मी वाचकांशी प्रामाणिक राहिले असे होणार नाही. कारण दार ठोठावूनही भाकरी न मिळालेली माणसे आपल्या सर्वांच्या माहितीत आहेत. दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर प्रार्थना करणाऱ्या आईचे मूल सकाळी गेलेले आपण पाहिले आहे. तिला चिकाटीचा दाखला सांगायला जाणारा मनुष्य निर्दय म्हणावा लागेल. तिची हाक कमी पडली का? तिची श्रद्धा लहान होती का? असले बोलणे जिभेवर येऊ नये.

ह्या ठिकाणी ख्रिस्ती मनुष्याला एकच गोष्ट सांगता येते, आणि तीही स्पष्टीकरण म्हणून नव्हे. ज्याने प्रार्थना शिकविली त्याची स्वतःची प्रार्थनाही एका रात्री मान्य झाली नाही. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा विनविले की हा प्याला माझ्यापासून टळो. आणि तो टळला नाही. त्या रात्री त्याने मित्रांजवळही काही मागितले होते. पेत्र, याकोब आणि योहान ह्यांना तो म्हणाला होता की माझ्याबरोबर जागे राहा. तीन वेळा तो परत आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेले होते. आकाशातून उत्तर नाही आणि जमिनीवर सोबत नाही, अशी ती रात्र. ज्यांना उत्तर मिळाले नाही त्यांच्यापासून तो दूर नाही, एवढे त्या रात्रीवरून म्हणता येते. त्याहून अधिक मला म्हणता येत नाही.

पण त्याने मित्रांजवळ काय मागितले ते पाहण्याजोगे आहे. तलवार मागितली नाही, युक्ती मागितली नाही, सांत्वनाचे शब्द मागितले नाहीत. नुसते जागरण मागितले. ईयोबाच्या ग्रंथातही हेच आहे. त्याचे सर्वस्व गेले तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही बोलले नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंडे उघडली, तुझ्याच पापाचे हे फळ असे सिद्ध करायला लागले, आणि सगळे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देव त्या तिघांवर रागावतो, आणि ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावतो. त्याने ती केल्यावर त्याचे दिवस पालटले, असे तेथे सांगितले आहे. ज्यांनी आपल्याला दुखविले त्यांच्यासाठी मागणे ही बहुधा मागण्याची शेवटची इयत्ता असावी.

आमच्या शाळेत एका मुलाचे वडील वारले. त्याच्या बाकावर बसणारा दुसरा मुलगा रोज संध्याकाळी त्याच्या घरी जात असे. दोनेक आठवड्यांनी मी त्याला विचारले, “तू तिथे काय बोलायचास रे त्याच्याशी?” तो गोंधळून म्हणाला, “काही नाही, बाई. आम्ही गृहपाठ करायचो.” ईयोबाच्या मित्रांना सात दिवसांनंतर जे साधले नाही ते ह्या बारा वर्षांच्या पोराला साधले होते. ह्याला प्रार्थना म्हणायचे की मैत्री, हे मला ठरविता आले नाही. ठरविण्याची गरजही वाटली नाही.

दाखल्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तो ऐकताना आपण नेहमी स्वतःला बाहेर उभे असलेले कल्पितो. दार ठोठावणारे आपण आणि आत देव. पण ह्या जगात बहुतेक प्रार्थनांची उत्तरे माणसांच्या हातूनच जातात. केडगावच्या मुलींनी जी भाकर मागितली ती कोणा अनोळखी बाईच्या बोस्टनमधल्या पिशवीतून निघाली. तेव्हा एखाद्या रात्री आपण आत असू आणि बाहेर कोणीतरी दुसऱ्यासाठी मागत उभा असेल, ही शक्यता धरून चालले पाहिजे. त्या रात्री आपल्याजवळ सगळी कारणे असतील, आणि ती सगळी खरी असतील: कडी लागली आहे, मुले निजली आहेत, दिवसभराचे काम करून अंग आंबले आहे. बाहेरच्याची हाक कदाचित त्रासिक असेल, वेळ तर नक्कीच गैरसोयीची असेल. तो देवाला हाक मारून आलेला असेल आणि देवाने त्याला आपले दार दाखविले असेल. आपल्याला हे कोणी कळविणार नाही. आपल्याला ऐकू येईल ती फक्त थाप. मुले जागी न होतील अशा बेताने उठावे, अंधारात चाचपडत कडी काढावी, आणि घरात किती भाकरी उरल्या आहेत ते पाहावे.